नावडतीचे मीठ

गेल्या वर्षी उन्हाळ्यात चोवीस-पंचवीस वर्षांची एक मुलगी आईबरोबर माझ्या दवाखान्यात आली. (तिची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) वरच्या ओठाच्या डाव्या बाजूला मसुराच्या दाण्याएवढा, किंचित उंचावलेला तीळ. लहानपणापासूनचा. रंग एकसारखा, कडा रेखीव. कधी वाढला नाही, कधी रक्त आले नाही. त्वचारोगतज्ज्ञाला काळजी वाटावी असे त्यात काहीही नव्हते. आईने आवाज खाली आणून सांगितले की एक उत्तम स्थळ चालून आले आहे, मुलगा पुण्याला नोकरीला असतो, पत्रिका जुळली आहे, मुलगीही पसंत आहे. फक्त "तो तीळ तेवढा काढून घेता आला तर पाहा," असा निरोप मध्यस्थाकरवी आला आहे.

मी नेहमीचेच सांगितले. तीळ निरुपद्रवी आहे, काढता येतो. पण त्वचा कापली की व्रण हा राहतोच, आणि तो किती बारीक राहील हे माझ्या हाताइतकेच त्या त्वचेच्या स्वभावावर अवलंबून असते. घाई करू नका, विचार करून या. मुलगी तोवर गप्प होती. उठता उठता म्हणाली, "सर, लहानपणापासून सगळे म्हणायचे, हा तीळ हिला शोभतो. मला ते खरंच वाटत होतं."

हे बोलणे मी पूर्वी कुठे तरी ऐकले आहे असे दिवसभर वाटत राहिले. रात्री आठवले. ऐकले नव्हते, वाचले होते. अमेरिकन लेखक नॅथॅनिएल हॉथॉर्न याची 'द बर्थमार्क' ही कथा १८४३ साली प्रसिद्ध झाली. आमच्या शाखेच्या प्रत्येक विद्यार्थ्याने ती वाचावी असे मला वाटते, परंतु अभ्यासक्रमात ती कशी असणार! एलमर नावाचा शास्त्रज्ञ जॉर्जियाना या रूपवतीशी लग्न करतो. तिच्या डाव्या गालावर लालसर जन्मखूण आहे, इवल्याशा हाताच्या आकाराची. लग्न होईपर्यंत ती त्याला खुपलेली नसते. लग्नानंतर एक दिवस तो सहज विचारतो, ही खूण काढून टाकता येईल असे तुझ्या मनात कधी आले नाही का? त्यावर ती जे उत्तर देते त्याचा आशय माझ्या दवाखान्यातल्या मुलीच्या बोलण्याहून फारसा निराळा नाही. लोक त्या खुणेला इतके वाखाणत आले होते की तिलाही ते खरे वाटत होते.

पुढे नवऱ्याला ती खूण सोडून दुसरे काही दिसेनासे होते. त्याच्या नजरेतला शहारा पाहून पाहून जॉर्जियाना स्वतःच त्या खुणेचा तिरस्कार करू लागते, आणि इलाजाचा आग्रह शेवटी तीच धरते. मध्यंतरी तिच्या हाती नवऱ्याची प्रयोगवही पडते. तीत नोंदवलेले त्याचे बहुतेक मोठे प्रयोग फसलेले असतात. तरीही ती विश्वासाने पेला ओठांना लावते. खूण पुसट होत जाते, आणि ती पुरती मावळते त्या क्षणी जॉर्जियानाही जाते. कथा पावणेदोनशे वर्षांहून जुनी आहे. दोष काढायला निघालेला वैद्य आणि त्याच्यावर भरवसा ठेवणारी रोगी यांच्यामधले जे काही तीत आहे, ते मला आमच्या एकाही पाठ्यपुस्तकात सापडलेले नाही.

वाचक म्हणतील, गेली अनेक वर्षे या स्मरणिकेत कोड, सोरायसिस आणि उन्हापासून त्वचेचे रक्षण यांवर इमानेइतबारे लिहिणाऱ्या या गृहस्थाला आज काय झाले? झाले ते एवढेच, की त्या मुलीमुळे मी एक जुना विषय पुन्हा उकरून काढला. क्षुल्लक खोडीवरून जुळत आलेले मन मोडणे, हा तो विषय. कथा-कादंबऱ्यांत त्याची उदाहरणे पुष्कळ आहेत, आणि माझ्याजवळ त्यात भर घालण्याजोगे, दुर्दैवाने, स्वतःचे एक आहे. त्याकडे येतोच.

आपल्या मुलाबाळांच्या पिढीने हा प्रकार हसत हसत पाहिला तो दूरचित्रवाणीवर. माझ्या मुलीने मला आग्रहाने दोन अमेरिकन विनोदी मालिका दाखवल्या. 'साइनफेल्ड'मधला जेरी एका मैत्रिणीला सोडतो, कारण ती ताटातले मटार एकेक करून खाते. दुसऱ्या एकीचे हात पुरुषी म्हणून ती नको होते. त्याची मैत्रीण एलेन आणखी पुढची. निरोप टिपून घेताना मित्राने एका बाळंतपणाच्या आनंदवार्तेपुढे उद्गारचिन्ह दिले नाही, एवढ्यावरून ती भांडते आणि संबंध तुटतो. 'फ्रेंड्स'मधल्या चँडलरला एका मुलीच्या नाकपुड्या मोठ्या वाटतात. मटारांचा भाग आणि नाकपुड्यांचा भाग अमेरिकेत १९९५ साली अवघ्या दोन आठवड्यांच्या अंतराने दाखवले गेले. त्या पंधरवड्यात तिकडच्या तरुण जोडप्यांनी एकमेकांसमोर जेवण कसे केले असेल, देव जाणे.

यातला नाकपुड्यांचा भाग मला अधिक गंभीर वाटला. त्यात खालच्या मजल्यावरचा हेकल्स नावाचा एक तिरसट म्हातारा वारतो. त्याची खोली आवरताना चँडलरच्या हाती जुनी छायाचित्रे लागतात. म्हाताऱ्याने तरुणपणी ज्यांच्याशी ओळख वाढवली त्या स्त्रियांची. आणि प्रत्येकीवर नकाराचे कारण लिहिलेले. एक फार उंच, एकीच्या हिरड्या मोठ्या, एक जेवताना आवाज करते. चँडलरला त्या ढिगात स्वतःचे म्हातारपण दिसते. घाबरून तो आपल्या एका जुन्या मैत्रिणीला बोलावतो, तर ती येते लग्न झालेली आणि दिवस राहिलेली. प्रेक्षक हसतात. मी हसलो नाही. "जेवताना आवाज करते" या कारणापाशी मी अडकलो होतो.

या मालिकांतली एक गोष्ट माझ्या नंतर ध्यानात आली. मटार खाणारी मुलगी पुढच्या आठवड्यात नसते, पुरुषी हातांचीही नसते. कथा नेहमी सोडून जाणाऱ्याच्या मागे चालते. जिला सोडले तिचे पुढे काय झाले? घरी जाऊन तिने आरशात आपल्या नाकपुड्या कितीदा न्याहाळल्या? हे सांगायला त्या अर्ध्या तासात जागा नसते. हॉथॉर्नने ती जागा दिली, म्हणून त्याची कथा विनोदी होऊ शकली नाही.

प्रकार काही आजचा नव्हे. शेक्सपिअरच्या 'मच अडू अबाउट नथिंग'मध्ये बिअॅट्रिसची बहीण तिच्याबद्दल हेच सांगते. पुरुष गोरा असला तरी हिला खटकतो, काळा असला तरी. उंच असला तरी नावे ठेवील आणि ठेंगणा असला तरी. अर्थात बहीण हे बोलते ते बिअॅट्रिसला आडून ऐकू जावे म्हणूनच, आणि ती मात्रा लागूही पडते!

पण या विषयाचे खरे निदान केले ते टॉलस्टॉयने. अॅना कॅरेनिना मॉस्कोहून पीटर्सबर्गला परत येते. स्थानकावर नवरा उभा आहे, आणि तिची नजर प्रथम जाते ती त्याच्या कानांवर. गोल हॅटची कड टेकवून धरणारे ते कान. हे असे कधीपासून झाले, असा तिला प्रश्न पडतो. आपण वैद्य लोक याचे उत्तर छातीठोकपणे देऊ शकतो. प्रौढ माणसाचे कान चार दिवसांत बदलत नाहीत. बदल झाला होता तो वाटेत, आगगाडीच्या प्रवासात, पाहणारीच्या ठिकाणी. व्रॉन्स्की भेटलेला होता. आपल्या आज्यांना हे निदान टॉलस्टॉय न वाचताच ठाऊक होते: नावडतीचे मीठ अळणी. मिठाची चूक नसते. ती नावडती आधी ठरते, जीभ मागाहून साक्षीला येते.

मग क्षुल्लक खोड म्हणजे नुसता बहाणा असे म्हणून मोकळे व्हावे का? तसेही म्हणवत नाही. जॉर्ज इलियटच्या 'मिडलमार्च'मध्ये (१८७१-७२) डोरोथिया एका वयस्क पंडिताशी लग्न करायला निघते. धाकटी बहीण सिलिया तिला म्हणते, हे गृहस्थ सूप पिताना चमचा कसा खरवडतात, ते तुला ऐकू येत नाही का? डोरोथियाला तो पोरकटपणा वाटतो. तिला कासॉबनच्या ठिकाणी ज्ञानाचा महासागर दिसत असतो. आणि पुढे ते लग्न तिला किती जाचले हे कादंबरी वाचणाऱ्यांना माहीत आहे. म्हणजे चमचा खरवडणारा माणूस वाईट असे नव्हे; पण सिलियाला त्या आवाजातून काही तरी बरोबर कळले होते, जे तिला दुसऱ्या शब्दांत मांडता आले नाही. आपल्याकडेही रोगी येतो, "डॉक्टर, करंगळी दुखते," म्हणतो. कधी करंगळीच दुखत असते, कधी दुखणे मानेत असते. तक्रार खोटी नसते. ती जिथे बोट ठेवते तिथेच रोग असेल असे मात्र नाही.

आता माझे उदाहरण.

१९७९ साल. इंदूरच्या वैद्यकीय महाविद्यालयात आम्ही इंटर्नशिप करत होतो. माझ्याच वर्गात निमाडातल्या एका लहान गावातून आलेली एक मराठी मुलगी होती. वडील प्राथमिक शाळेत शिक्षक. हुशारीत ती माझ्या पुढे होती हे मी तेव्हाही मान्य करत असे, निदान परीक्षेचा निकाल लागेपर्यंत. रात्रपाळी संपली की रुग्णालयाच्या फाटकाबाहेरच्या टपरीवर आम्ही चहा घ्यायचो. ती कपातला चहा बशीत ओतायची, बशी पाचही बोटांवर तोलून धरायची, एक फुंकर घालायची आणि भुरका मारायची. लांबलचक, स्वच्छ, निःसंकोच भुरका. लहानपणी वडील आपल्या कपातला चहा तिला बशीत काढून द्यायचे, तेव्हापासूनची ती सवय. पहाटेच्या गारठ्यात तो आवाज मला अतिशय आवडायचा. हे मी मुद्दाम लिहून ठेवतो आहे, कारण पुढे मी जे सांगत फिरलो ते याच्या नेमके उलट होते.

आमचे घर वकिलाचे. चहाच्या किटलीवर टिकोझी, दूध वेगळे, साखर वेगळी. एका रविवारी मी तिला घरी आणले. आत्या आणि तिचे यजमान आलेले होते. तिने चहा बशीत ओतला. भुरका झाला. बैठकीतले सगळे क्षणभर थांबले, आत्याने आईकडे पाहिले, आणि आईने बिस्किटांची बशी पुढे केली. कोणी काहीही बोलले नाही. रात्री आई म्हणाली, "मुलगी गुणी आहे रे. पण आपल्याकडे निभावेल का?" त्याच सुमारास वडिलांच्या एका मित्राकडून माझ्यासाठी विचारणा झालेली होती. घर तोलामोलाचे होते, आणि पदव्युत्तर शिक्षण संपल्यावर दवाखान्याला जागा मिळण्याची शक्यता त्यात होती.

पंधरा दिवसांत तो भुरका मला सहन होईना. खरोखरच होईना, मी ढोंग करत नव्हतो. मी टपरीवर जाणे टाळू लागलो, रात्रपाळ्या बदलून घेऊ लागलो. वसतिगृहात मित्रांनी विचारले तेव्हा म्हणालो, "आयुष्यभर तो भुरका कोण ऐकणार?" सगळे खो खो हसले. वाक्य चांगले जमले होते, म्हणून मी ते आणखी दोन-तीन ठिकाणी वापरले. आठवडाभरात वर्गात तिचे नाव 'बशी' पडले. ते तिच्या कानावर गेल्याचे मला कसे कळले? ती टपरीवर येईनाशी झाली. माझ्याकडे तिने कधी खुलासा मागितला नाही, आणि मीही तो दिला नाही.

आईला सांगायला हवे होते की मला हीच मुलगी हवी आहे. ते धैर्य माझ्यापाशी नव्हते, आणि नाही हे स्वतःशी कबूल करण्याचे तर त्याहून नव्हते. बशी आयती हाताशी होती.

२००४ साली आमच्या तुकडीचे रौप्यमहोत्सवी स्नेहसंमेलन झाले. ती आली होती. एका जिल्ह्याच्या गावी स्त्रीरोगतज्ज्ञ म्हणून तिने मोठे नाव मिळवले होते, दोन मुले होती, केस पांढरे झाले होते. दुपारच्या चहाला सगळे घोळका करून उभे असताना कोणी तरी जुन्या आठवणींच्या भरात "अगं बशी!" अशी हाक मारली. ती हसली, अगदी सहज. हातात कप होता, खाली बशी होती. तिने चहा ओतला नाही, फुंकरही घातली नाही. गप्पा मारत ती तो निवण्याची वाट पाहत राहिली. पुढच्या कार्यक्रमाची घोषणा झाली तेव्हा अर्धा चहा तसाच ठेवून ती आत गेली. पंचवीस वर्षांत तिने किती कप चहा असा थंड करून प्यायला असेल, हा हिशेब मी त्यानंतर बऱ्याचदा केला आहे.

परतताना गाडीत पत्नीने विचारले, "त्यांना बशी का म्हणतात हो?" मी म्हणालो, "आठवत नाही."

या विषयावर चेकॉव्हने लिहिलेले मला सर्वांत जवळचे वाटते, कदाचित तो आपल्यातला होता म्हणूनही. १८८४ साली मॉस्को विद्यापीठातून तो डॉक्टर होऊन बाहेर पडला. त्याच्या 'द लेडी विथ द डॉग' या १८९९ सालच्या कथेतला गुरोव हा सराईत माणूस आहे. एखाद्या स्त्रीवरून मन उडाले की तिचे सौंदर्यच त्याला चीड आणते, आणि तिच्या वस्त्रांची लेस माशाच्या खवल्यांसारखी दिसू लागते. पुन्हा अॅनाचेच ते कान! परंतु चेकॉव्ह तिथे थांबत नाही. यॉल्टामध्ये भेटलेल्या एका विवाहित तरुणीला विसरून जाऊ म्हणत गुरोव मॉस्कोला परततो, आणि विसरता येत नाही म्हणून तिच्या गावी जाऊन थडकतो. तिथल्या नाटकगृहात, धुरकट उजेडात, गर्दीमध्ये ती त्याला दिसते. एक लहानशी, चारचौघींसारखी बाई, आणि तिच्या हातात एक भिकार अभिरुचीची दुर्बीण. तो ती पाहतो. दुर्बीण सुंदर आहे असे त्याला मुळीच वाटत नाही. तरीही त्याच क्षणी त्याला उमगते की साऱ्या जगात आपल्याला याहून जवळचे कोणी नाही. प्रेमात पडलेल्या माणसाला दोष दिसत नाहीत हे आपण ऐकत आलो आहोत. या डॉक्टरने दोष स्पष्ट दिसत असताना जडलेले प्रेम लिहिले. टपरीवर पहाटे मला तो भुरका ऐकू येत होता तेव्हा मीही काही बहिरा नव्हतो.

हा लेख संपादकांकडे देण्यापूर्वी मी पत्नीला वाचून दाखवला. चाळीस वर्षांहून अधिक काळ तिने माझ्या घोरण्यापासून वर्तमानपत्राच्या घड्या विस्कटण्यापर्यंत सगळे चालवून घेतले आहे. ऐकून झाल्यावर ती म्हणाली, "ते मला गाडीतच कळलं होतं." आणि मग, जरा वेळाने, "त्यांना एक पत्र लिहा." मी अद्याप लिहिलेले नाही. मायना सुचत नाही. जे संबोधन पूर्वी होते ते वापरण्याचा अधिकार राहिला नाही, आणि 'डॉ. सौ.' घातले की पुढे काही लिहिता येत नाही.

ती तिळाची मुलगी त्यानंतर तीनदा आली. दुसऱ्यांदा मी तिला हॉथॉर्नची गोष्ट थोडक्यात सांगितली. तिने ती नीट ऐकून घेतली आणि शस्त्रक्रियेला किती वेळ लागेल ते विचारले. निर्णय तिचा होता. वय सज्ञान, समज पुरेशी. तिसऱ्यांदा ती एकटीच आली तेव्हा मी स्थानिक भूल देऊन तीळ काढला. दोन बारीक टाके. तपासणीचा अहवाल अपेक्षेप्रमाणे निर्दोष आला. पाचव्या दिवशी टाके काढायला ती आली तेव्हा जखम उत्तम भरलेली होती. व्रण पुढे केसाएवढाही दिसणार नाही असा मला भरवसा वाटला. एक शल्यकर्म म्हणून मी समाधानी होतो. लग्नाचे काय झाले ते तिने सांगितले नाही, मी विचारले नाही.

परिचारिकेने तिच्या हाती आरसा दिला. ती बराच वेळ पाहत राहिली. मग ओठावरच्या त्या जागी बोट टेकवून म्हणाली, "सर, आता इथं काहीच नाही."